फ्रेंचमधून मास्टर्स, बेल्जियम (लुवँ-ला-नव्ह): बी२ वर निभेल का?

मोहोळची_अनु

नमस्कार मंडळी. मी मोहोळची, राहुरीहून बी.एस्सी. अ‍ॅग्री झालेय. बेल्जियममधल्या लुवँ-ला-नव्हच्या विद्यापीठात (यूसीलुवँ) बायोइंजिनिअरिंगच्या मास्टर्सला प्रवेश मिळालाय. दोन वर्षं, १२० क्रेडिट्स, बहुतेक विषय फ्रेंचमधून. डेल्फ (फ्रेंच भाषेची परीक्षा) बी२ पातळीची पुण्यात दिली, १०० पैकी ६१ आले. पास व्हायला ५० लागतात, त्यामुळे सुटले म्हणायचं. पण ऐकण्याच्या भागात २५ पैकी जेमतेम ११ आहेत आणि तेच मनात घर करून बसलंय.

वडिलांचं म्हणणं, चांगलं इंग्रजी येत असताना फ्रेंचमध्ये कशाला शिरतेस? आईचं म्हणणं, तिथे खाणार काय? (मी शाकाहारी, अंडं चालतं.) माझी स्वतःची धाकधूक वेगळीच आहे. तिथे म्हणे अख्खे पेपरच्या पेपर तोंडी असतात. राहुरीत व्हायव्हा म्हणजे दोन मिनिटांचा कारभार, एक्स्टर्नल सर फाईल चाळायचे आणि "जा" म्हणायचे. दुसरं म्हणजे राहायचं. तिथल्या खोलीला कोट म्हणतात आणि सात-आठ जणांत एक स्वयंपाकघर असतं असं कळलंय. बेल्जियन मुलांबरोबर राहावं की आपली माणसं शोधावीत?

कोणी तिथे शिकलेलं असेल तर सविस्तर लिहा. एजंटांचं ऐकून कान किटलेत.

नांदेडी_भाऊ

अभिनंदन ताई. बेल्जियमबद्दल आपलं ज्ञान चॉकलेटच्या पलीकडे जात नाही, त्यामुळे जाणकारांच्या प्रतीक्षेत. धागा वर राहावा म्हणून हा प्रतिसाद.

कृष्णाकाठ

अनु, अभिनंदन! मी कराडची. त्याच फॅकल्टीत, क्रूआ द्यू स्यूद चौकातल्या इमारतींत मास्टर्स केलं, आता नामूरला नोकरी करते. लांबण लागणार आहे, चहा घेऊनच बस.

बी२ प्रवेशाला पुरतं. वर्गात पहिले दोन महिने पुरत नाही, आणि ते ६१ वाल्यांचंच होतं असं नाही, ८० वाल्यांचंही तेच होतं. डेल्फच्या ध्वनिफितीत माणसं एकेक करून, तोंड उघडून बोलतात. इथे प्राध्यापक फळ्याकडे तोंड करून बोलतात, निम्मी वाक्यं गिळतात, आणि मागच्या बाकावर कोणीतरी चिप्स खात असतं. पण गंमत अशी की लेक्चर हा खरा प्रश्नच नाही. जवळपास प्रत्येक विषयाच्या छापील नोट्स असतात (त्यांना इथे सिलॅबस म्हणतात, आपल्यासारखी अभ्यासक्रमाची यादी नव्हे, चांगलं जाडजूड पुस्तक असतं), स्लाइड्स असतात, आणि नत्र, स्फुरद, पालाश तर तू राहुरीत कोळून प्यायलेली आहेस. रात्री सिलॅबस वाचून सकाळी बसलीस की ऑक्टोबरअखेर कान उघडतात.

अडतं ते प्रॅक्टिकलच्या टेबलाभोवती. चौघांचा गट, तीन बेल्जियन आणि तू. ते विनोद करत करत ठरवून मोकळे होतात की मातीचे नमुने कुठल्या खोलीवरून घ्यायचे, आणि आपण अजून पहिल्या विनोदाचा अर्थ लावतोय. यावर मी काढलेला तोडगा सांगते. प्रत्येक नव्या गटात सुरुवातीलाच जाहीर करायचे: आकडेमोड आणि आलेख माझ्याकडे, रिपोर्टचा एक भाग मी फ्रेंचमध्ये लिहीन, तो तुम्ही तपासायचा. आपल्याकडच्या पोरांना आकडेमोडीची भीती नसते आणि इथल्यांना ती नको असते, त्यामुळे सौदा लगेच पटायचा. माझं लिखाण लाल होऊन परत यायचं. त्या लाल रेघांनी जेवढं फ्रेंच शिकवलं तेवढं कुठल्याच क्लासने शिकवलं नाही.

आता तोंडी परीक्षा. याच्यावर जास्त लिहिते, कारण वर्षाचा निकाल इथे ठरतो आणि एजंट याबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

प्रत्येक प्राध्यापकाची तऱ्हा थोडी वेगळी, पण साधारण असं: ठरलेल्या वेळेला जायचं, टेबलावरच्या चिठ्ठ्यांतून प्रश्न उचलायचा, कोऱ्या कागदावर तयारीला थोडा वेळ मिळतो, मग समोर बसून बोलायचं. उत्तर पाठ म्हणून दाखवलंस की ते मध्येच थांबवतात. "ठीक आहे, पण हीच माती उतारावर असती तर?" आपलं पाठांतर तिथेच संपतं. मात्र तुला सुचत नसेल तर एखादा धागा हातात देतात, चूक झाली तर परत विचारतात. लेखी पेपरात ही सोय नाही. फ्रेंच अडखळलं म्हणून गुण कापल्याचं मला कधी जाणवलं नाही. उलट फळा मागून घ्यायचा, आकृती काढायची. मी कायम हेच करायचे. आकृतीला व्याकरण लागत नाही.

माझा मृदाशास्त्राचा पेपर सांगते. चिठ्ठीत आलं कॅटायन एक्स्चेंज, म्हणजे मातीचे कण धनभारित अन्नद्रव्यं कशी धरतात-सोडतात ते. तयारीच्या कागदावर मी इथल्या हेस्बे भागातल्या लोएस मातीबद्दल लिहिलं होतं, वाऱ्याने आणून टाकलेली, हाताला मऊ, बीट-गहू-बटाटा सगळं पिकवणारी. दोन वाक्यं बोलून झाली आणि प्राध्यापकांनी कागद बाजूला सरकवला. म्हणाले, तुमच्याकडची माती कशी असते ते सांगा. मग काय! बसाल्टपासून झालेली काळी माती, तिच्यातलं स्मेक्टाइट (पाणी पिऊन फुगणारं खनिज), पावसात फुगणं, एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा, त्या भेगांतून वरची माती खाली पडून जमिनीने स्वतःलाच नांगरणं. फळ्यावर भेग काढली, भेगेत ढेकूळ काढलं. क्रियापदं चुकत होती, मलाही ऐकू येत होतं. २० पैकी १५ मिळाले.

हे १५ म्हणजे काय तेही घरी आधीच सांगून ठेव. गुण २० पैकी असतात, १० ला पास. १४ मिळाले की पोरं हसत बाहेर येतात, १८ क्वचित कोणाला. माझ्या वडिलांना पहिल्या सत्राचा निकाल कळवला तेव्हा फोनवर बराच वेळ कोणी बोलेना. ७५ टक्के म्हणजे त्यांच्या लेखी पोरगी वाया गेली होती.

परीक्षा जानेवारी, जून आणि ज्यांचं राहिलं त्यांना ऑगस्टमध्ये. त्याआधी अभ्यासाची सुटी असते, ब्लोक्यूस. डिसेंबरातलं ब्लोक्यूस जपून. साडेचार-पाचला अंधार पडतो, कोटमधली पोरं घरी निघून जातात, आणि नाताळात गावात चिटपाखरू नसतं. मी ग्रंथालयात जागा धरून बसायचे, निदान माणसं दिसायची.

हे गावच मुळात विचित्र आहे. जुनं लुवँ (डच भाषेत लवेन) फ्लेमिश भागात. तिथल्या विद्यापीठातून फ्रेंच विभाग बाहेर काढा म्हणून एवढं रान पेटलं की १९६८ साली सरकार पडलं. मग फ्रेंचवाल्यांसाठी बीटच्या शेतात नवं गाव वसवलं, १९७१ मध्ये पायाभरणी, ७२ पासून विद्यार्थी. ग्रंथालयाची वाटणीसुद्धा शेल्फच्या सम-विषम क्रमांकांवर झाली म्हणतात. भाऊबंदकी काय फक्त आपल्याकडेच असते? गावाचा मधला भाग काँक्रीटच्या मोठ्या स्लॅबवर आहे, गाड्या आणि आगगाडी खालून, वर सगळे पायी. याचा तुला व्यवहारात एवढाच उपयोग: तिकीट काढताना फ्रेंच यादीत नुसतं "लुवँ" दिसलं तर ते लवेन आहे, तुझं गाव नव्हे. आमच्या बॅचचा एक बंगाली मुलगा दोन बॅगा आणि तांदळाच्या पोत्यासकट लवेनला उतरला होता.

कोटबद्दल माझं मत स्पष्ट आहे: बेल्जियन मुलांबरोबर राहा. आम्ही आठ जण होतो. फ्रिजमध्ये प्रत्येकाचा एक कप्पा, साफसफाईच्या पाळ्यांचा तक्ता दारावर. कान तयार झाले ते त्या ओट्यापाशी, वर्गात नाही. भांडी घासताना भांडण कसं करायचं, घरमालकाला हीटर बिघडल्याचं कसं ठणकावून सांगायचं, हे बी२ च्या पुस्तकात नसतं. शुक्रवारी दुपारी मात्र चाकांच्या बॅगांची खडखड सुरू होते आणि सगळे आपापल्या घरी. रविवारी संध्याकाळी आईने दिलेले डबे घेऊन परत. मधले दोन दिवस तू आणि परदेशी मुलं. त्या दोन दिवसांची सोय आधी लावायची.

माझी सोय म्हणजे ब्रसेल्स. रविवारी सकाळी ब्रसेल्स-मिदी स्टेशनालगत मोठा बाजार भरतो. मोरोक्कन भाजीवाल्यांकडे कोथिंबीर, पुदिना, हिरवी मिरची ढिगाने, भेंडीही मिळते. मातोंगे भागात आफ्रिकी दुकानांशेजारी आपल्याकडची किराणा दुकानं आहेत, तूरडाळ, बेसन, पोहे तिथे. रवा मोरोक्कन दुकानातला बारीक घे, उपमा झकास होतो. आईंना सांग, उपाशी राहत नाही कोणी. एकच इशारा: इथल्या फ्रेंच फ्राइज परंपरेने गाईच्या चरबीत तळतात. शाकाहारी असशील तर गाडीवर आधी विचार. काही ठिकाणी वनस्पती तेल असतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. पोहोचल्यावर आठ कामाच्या दिवसांत नगरपालिकेत नोंद करायची. मग तू खरंच तिथे राहतेस का ते बघायला पोलीस घरी येतो. घाबरायचं नाही, सगळ्यांकडे येतो. पण बेलवर आणि टपालपेटीवर तुझं नाव हवं, नाहीतर तो आल्या पावली परत जातो आणि रहिवासी कार्ड लटकतं. कोटचा करार दहा महिन्यांचा आहे की बारा ते बघून सही कर, दहाचा असेल तर उन्हाळ्यात सामान कुठे ठेवायचं हा प्रश्न येतो.

बाकी ऑक्टोबरात हंगाम सुरू झाला की बीटने भरलेले ट्रॅक्टर रस्त्याला लागतात, चाकांची माती डांबरावर. फॅकल्टीच्या सहलीत साखर कारखाना पाहिला. उसाला मोळी आणि चरक, इथे बीटच्या पट्ट्या गरम पाण्यात घालून साखर उतरवतात, पण गळिताची धांदल, शेतकऱ्यांचं वजनकाट्यावरून कुरकुरणं, सगळं सह्याद्री कारखान्याच्या दारात उभं राहिल्यासारखं. तू मोहोळची, तुला वेगळं सांगायला नको.

तिखट_मीठ

कृष्णाकाठ, छान लिहिलंय, पण "बेल्जियन मुलांबरोबरच राहा" याला माझा विरोध. मी ब्रसेल्सला इंग्रजीतून मास्टर्स केलं, तीन मराठी पोरांबरोबर राहिलो, रोज वरण-भात खाल्ला आणि वेळेत पास झालो. माझ्या ओळखीत एक मुलगी होती, अशीच सगळ्या स्थानिकांच्या घरात एकटी. नोव्हेंबरपासून तिने खोलीबाहेर जेवायला येणं सोडलं. कोणी वाईट नव्हतं, फक्त तिला विचारायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. प्रत्येकाचा स्वभाव कराडच्या ताईंसारखा ठणठणीत नसतो. अनु, पहिल्या वर्षी निदान एक तरी भारतीय सोबत बघ. एवढ्याने फ्रेंच कुठे पळून जात नाही.

दादरचा_बाबा

माझा मुलगा बेल्जियममध्येच लिएजला शिकतो. मुलं लिहितात त्यात पैशाचं येत नाही म्हणून बापाच्या बाजूने लिहितो.

आमच्या वेळी स्थानिकांना वर्षाची फी ८३५ युरो आणि युरोपबाहेरच्यांना तिच्या पाचपट, म्हणजे ४१७५. हा आकडा बदलू शकतो, प्रवेशपत्रावरचाच धरावा. अमेरिका-इंग्लंडच्या मानाने हे काहीच नाही, आणि अनुच्या वडिलांच्या "फ्रेंचमध्ये कशाला" या प्रश्नाचं निम्मं उत्तर यातच आहे. खरा खर्च राहण्याचा. व्हिसासाठी पैशांची हमी दाखवावी लागते, पोलीस क्लिअरन्स आणि ठरावीक डॉक्टरांचं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. हे जून-जुलैवर ठेवू नका, आमची शेवटी फार धावपळ झाली. सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं, सुटीत जास्त. परंतु पहिल्या सहा महिन्यांच्या हिशोबात ती कमाई धरू नये, हा माझा आग्रह. मुलाने सांगितलं होतं, "बाबा, मी जमवतो." जानेवारीच्या परीक्षेआधी त्याने काम सोडलं, आणि ते बरोबरच केलं.

रहिवासी कार्डाच्या नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या दीड महिना आधी तयार ठेवावा. गुणपत्रिका मागतात. वर्षात किती क्रेडिट्स सुटली ते बघितलं जातं, त्यामुळे "होईल पुढच्या वर्षी" हा प्रकार चालत नाही.

मॉन्ट्रियलची_माई

इकडे क्वेबेकमध्येही बी२ चा हाच अनुभव, फक्त उच्चार ऐकून तुम्हाला वाटेल की आपण कोणती तिसरीच भाषा शिकून आलो. आणि थंडी म्हणाल तर बेल्जियमवाल्यांनी आमच्यासमोर तक्रार करू नये. :) अनु, जाण्याआधी बेल्जियन रेडिओ लावून ठेव घरात. स्वयंपाक करताना नुसता कानावर पडू दे. आर.टी.बी.एफ.च्या बातम्या ऑनलाइन मिळतात. आणि सत्तर-नव्वदचे पुण्यात शिकवलेले आकडे तिथे वेगळे आहेत, सेप्तांत, नोनांत. भाडं विचारताना गोंधळू नकोस.

मोहोळची_अनु

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबाकाका, तुमचा प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवला. पाचपट ऐकून आधी दचकले, मग आमच्या ओळखीतल्या एकाच्या मुलाची ऑस्ट्रेलियाची फी आठवली आणि गप्प झाले. आई रवा मिळतो एवढ्यावरच निम्मी निर्धास्त झाली.

ताई, दोन प्रश्न राहिले. एक, तिखट_मीठ म्हणतात ते मला थोडं पटतंय. मी पटकन मिसळणारी नाही. दोन, तिथे सीनियर मुलं नव्यांचं काहीतरी बाप्तेम की काय करतात, व्हिडिओत घाणेरडे एप्रन घालून गाणी म्हणत फिरतात. ते सक्तीचं असतं का? आणि हो, प्रेशर कुकर आणू का?

कृष्णाकाठ

तिखट_मीठ यांची ती मैत्रीण मी नाकारत नाही, अशी एक-दोन मलाही माहीत आहेत. पण मला वाटतं तिथे कोट निवडण्यातच फरक पडतो. जाहिरातीत नुसत्या खोलीचे फोटो असतील तर सोड. लुवँ-ला-नव्हला कोट-आ-प्रोजे नावाचा प्रकार आहे, म्हणजे एकत्र राहणाऱ्यांनी वर्षभर मिळून काहीतरी करायचं. कोणी भाजीपाला लावतं, कोणी सायकली दुरुस्त करतं, कोणी परदेशी विद्यार्थ्यांना मदत करतं. त्यांच्यात निवड आदल्या वर्षीच उरकते, त्यामुळे पहिल्या वर्षी तिथे राहायला मिळणं कठीण. पण त्यांच्या कार्यक्रमांना कोणीही जाऊ शकतं, आणि हातात खुरपं असलं की बोलायला विषय शोधावा लागत नाही. मिसळणं न जमणाऱ्या माणसाला काम असलेली जागा बरी. विद्यापीठाच्या स्वतःच्या खोल्यांमध्ये परदेशी मुलं जास्त असतात आणि भाडंही कमी, पहिल्या वर्षी तिथे अर्ज कर. त्यात एखादी भारतीय निघाली तर चांगलंच, पण तिच्यासाठी अडून बसू नकोस. गणपतीत ब्रसेल्सची मराठी मंडळी भेटतातच.

बाप्तेम अजिबात सक्तीचं नाही. ते मुख्यतः पहिल्या वर्षाच्या पोरांचं असतं, तू मास्टर्सची, तुला कोणी विचारणारही नाही. रस्त्यात तो जथा दिसला तर बाजूने जा, वास फार येतो. ऑक्टोबरातली चोवीस तासांची सायकल शर्यत मात्र बघ, अख्खं गाव रात्रभर जागं असतं.

अजून एक राहिलंच. भेटल्यावर गालाला गाल लावतात, बेल्जियममध्ये एकदाच. पुण्याच्या क्लासमध्ये दोनदा शिकवलं असेल, ते फ्रान्सचं. नको वाटलं तर हात पुढे करायचा, कोणाला राग येत नाही.

कुकर आण, तीन लिटरचा. बूड सपाट आणि इंडक्शनवर चालणारं बघून घे, कारण कोटमध्ये गॅस बहुधा नसतोच. जादा गॅस्केट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह बरोबर ठेव, इथे आपल्या कंपनीचे मिळत नाहीत. आणि पहिली शिट्टी व्हायच्या आधी स्वयंपाकघरात असलेल्यांना सांगून ठेव. आमच्याकडचा आर्देनचा (बेल्जियममधला डोंगराळ भाग) दांडगा पोरगा टेबलाखाली गेला होता.